डोरेमॉनच्या खिशात काय आहे, काय नाही

मुंबईहून कर्जतकडे येताना वांगणी मागे पडलं की ठाणे जिल्हा संपतो आणि शेलूपासून रायगड सुरू होतो. भातखाचरं, उल्हास नदी आणि आजूबाजूच्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या एवढाच पसारा असलेल्या या गावाभोवती आता इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. परवडणारं घर मिळालं म्हणून इथे आलेली माणसं पहाटेची लोकल पकडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. दुपारी घरात उरतात ती शाळेतून आलेली मुलं, एखादी आजी आणि टीव्ही. त्या टीव्हीवर किंवा आजीच्या मोबाइलवर बहुतेक वेळा एक निळं, बिनकानाचं, गोल पोटाचं यंत्रमांजर बोलत असतं.

आपल्या मुलांना भेटलेली पहिली विज्ञानकथा कोणती, असा प्रश्न या भागात घरोघरी विचारला तर जयंत नारळीकरांचं नाव क्वचितच येईल, ज्यूल व्हर्नचंही नाही. उत्तर येईल डोरेमॉन. घरातली मोठी माणसं मात्र त्याच्याकडे ‘कार्टून’ म्हणून पाहतात. मुलं त्याच्यापायी जेवत नाहीत, अभ्यास करत नाहीत, हिंदी बोलतात, या तीन तक्रारींवर चर्चा संपते. ही मालिका विज्ञानकथा म्हणून कशी आहे, तिच्यात खरं बळ कशाचं आणि उणीव कशाची, हे कोणी विचारत नाही. एका अख्ख्या पिढीची विज्ञानाबद्दलची पहिली कल्पना जिच्यातून घडते आहे, तिचा असा आढावा घेणं मला गरजेचं वाटतं.

माझं मत आधीच सांगते. डोरेमॉन मुलांना परिणामांचा विचार करायला शिकवतो, आणि ते फार मोलाचं आहे. वस्तू कशी घडते हे मात्र तो कधीच दाखवत नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती आपणच भरून काढायची आहे.

मालिका कशी घडली

डोरेमॉनचे जनक हिरोशी फुजिमोतो. जन्म १९३३, जपानमधल्या ताकाओका गावचा. शाळेपासूनचे मित्र मोतोओ आबिको यांच्यासह ते ‘फुजिको फुजिओ’ या एकाच टोपणनावाने चित्रकथा काढत. १९८७ मध्ये दोघांनी नावं वेगळी केली आणि फुजिमोतो ‘फुजिको एफ. फुजिओ’ झाले. ओसामू तेझुका हे दोघांचंही दैवत. तेझुकांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही यंत्रमानव मुलाची मालिका १९६३ च्या पहिल्या दिवशी जपानी टीव्हीवर सुरू झाली आणि विज्ञानकथा हा जपानी चित्रमालिकांचा कणाच होऊन बसला. अ‍ॅस्ट्रो मात्र वीर होता. तो उडायचा, लढायचा, जग वाचवायचा. फुजिमोतोंनी त्याच्या बरोबर उलट्या दिशेने जाऊन एक बिघडलेला यंत्रमानव घडवला.

शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या मुलांच्या मासिकांत १९७० च्या जानेवारी अंकांपासून ‘डोरेमॉन’ सुरू झालं. ही मासिकं इयत्तेनुसार वेगवेगळी असत आणि फुजिमोतो त्या त्या वयाच्या मुलांसाठी वेगळी गोष्ट रचत. या कथा सात वर्षांच्या मुलालाही कळतात आणि बारा वर्षांच्यालाही बाळबोध वाटत नाहीत, त्याचं एक कारण इथे आहे. १९७३ मधला टीव्हीवरचा पहिला प्रयत्न काही महिन्यांतच बंद पडला. २ एप्रिल १९७९ पासून टीव्ही असाहीवर सुरू झालेली मालिका मात्र २००५ पर्यंत चालली आणि त्याच वर्षी नव्या आवाजांसह, नव्या चित्रशैलीत पुन्हा सुरू झाली. भारतात हंगामा वाहिनीवर हिंदीतला डोरेमॉन आला तोही २००५ मध्येच. तेव्हा जी मुलं तो पाहत होती, त्यांची मुलं आज पाहताहेत.

मूळ कल्पना थोडक्यात अशी. नोबिता हा पाचवीच्या आसपासचा मुलगा अभ्यासात, खेळात, धीटपणात सगळ्यातच मागे आहे. मोठेपणी तो एवढं कर्ज करून ठेवणार आहे की पणतू-खापरपणतूंपर्यंत सगळे ते फेडत बसतील. म्हणून त्याचा वंशज सेवाशी बाविसाव्या शतकातून एक यंत्रमांजर त्याच्याकडे पाठवतो. ते टेबलाच्या खणातल्या कालयानातून येतं आणि पोटावरच्या चौमितीय खिशातून हवी ती वस्तू काढून देतं. त्याची जन्मतारीख ३ सप्टेंबर २११२. कान उंदराने कुरतडले म्हणून ते बिनकानाचं, आणि मांजर असूनही उंदराला घाबरणारं.

पहिलं बळ: एक गृहीतक, शेवटपर्यंत

चांगल्या विज्ञानकथेची रीत ठरलेली असते. जगातला एकच नियम बदलायचा, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि मग काय काय होत जातं ते निष्ठेने पाहायचं. ही रीत डोरेमॉनच्या उत्तम भागांत जितकी स्वच्छ दिसते, तितकी मोठ्यांसाठीच्या पुष्कळ विज्ञानपटांतही दिसत नाही. दहा-अकरा मिनिटांच्या गोष्टीत एकच वस्तू खिशातून बाहेर येते आणि तिचे परिणाम तार्किक टोकाला जाईपर्यंत गोष्ट थांबत नाही.

एक भाग जवळून पाहू. नोबिताकडे चेस्टनटचं सारण भरलेला एकच गोड बन उरला आहे. खाल्ला तर संपेल, ठेवला तर खाता येणार नाही. डोरेमॉन एक औषध काढतो. त्याचा थेंब टाकला की वस्तू दर पाच मिनिटांनी दुप्पट होते. अट एकच, एकही शिल्लक ठेवायचा नाही, सगळे संपवायचे. सुरुवातीला मजाच मजा असते. मग पोट भरतं, मित्रांना बोलावलं जातं, त्यांचीही पोटं भरतात. शेवटी नोबिता उरलेला एक बन गुपचूप कचऱ्यात टाकून मोकळा होतो. थोड्या वेळात अंगणात डोंगर उभा राहतो आणि डोरेमॉनला तो सगळा ढीग रॉकेटने अंतराळात सोडून द्यावा लागतो.

आमच्या इमारतीतल्या मुलांबरोबर हा भाग पाहिल्यावर मी त्यांना वहीचा कोरा कागद दिला आणि आकडे मांडायला सांगितले. एकाचे दोन, दोनाचे चार. तासाभरात बारा वेळा दुप्पट, म्हणजे ४,०९६ बन. इथपर्यंत मुलं हसत होती. दोन तासांचा आकडा १,६७,७७,२१६ आला तेव्हा हसू थांबलं. पूर्ण दिवसात दुपटी होतात २८८, आणि बनांची संख्या होते ८७ अंकी. दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजे संख्येलाही ती मागे टाकते. सहावीतली एक मुलगी बराच वेळ कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “काकू, मग अंतराळात पाठवून काय उपयोग? तिथेही ते वाढतच राहणार ना?” गोष्टीच्या शेवटात दडलेली भीती तिने स्वतः शोधली होती. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची आपली जुनी गोष्ट हेच सांगते. साथीचा रोग सुरुवातीला किरकोळ का वाटतो, चक्रवाढ व्याज माणसाला कसं बुडवतं, ही समज याच आकड्यांतून येते. घातांकाचा धडा पाठ्यपुस्तकात येण्याआधी त्या मुलीला त्याचा धाक कळला. विज्ञानकथेने याहून जास्त काय करावं?

स्मरणशक्तीच्या पावाची गोष्टही याच जातीची. पुस्तकाच्या पानावर पाव दाबून खाल्ला की पानावरचा मजकूर तोंडपाठ होतो. नोबिता परीक्षेच्या आदल्या रात्री पावामागून पाव खातो, पोट बिघडतं आणि पोटाबरोबर पाठांतरही रिकामं होतं. ज्ञान बाहेरून कोंबता येतं का, हा प्रश्न मुलं हसता हसता स्वतःला विचारतात.

दुसरं बळ: नैतिक कल्पनाशक्ती

डोरेमॉनमुळे मुलं आळशी होतात, ही तक्रार जुनी आहे आणि आपल्यापुरती मर्यादितही नाही. २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या पंजाब प्रांताच्या विधानसभेत या मालिकेवर बंदी मागणारा ठराव दाखल झाला होता. पण ही तक्रार करणाऱ्यांनी मालिका नीट पाहिलेली नसते. आळसातून काढलेली प्रत्येक पळवाट इथे आळशी माणसाच्याच अंगाशी येते. यंत्राने नोबिताचं एखादं काम झटपट होतं, पण त्याचा स्वभाव आहे तसाच राहतो आणि तोच पुढचं संकट ओढवून आणतो.

‘हुकूमशहाचं बटण’ असलेली गोष्ट मला या साऱ्यांत थोर वाटते. नको असलेल्या माणसाचं नाव घेऊन बटण दाबलं की तो माणूस नाहीसा होतो आणि तो कधी होता हेही कोणाला आठवत नाही. नोबिता आधी छळणाऱ्या जियानला नाहीसं करतो. मग दुसरा कोणीतरी छळायला लागतो, म्हणून त्यालाही. रागाच्या एका झटक्यात त्याच्या हातून जगातली सगळीच माणसं नाहीशी होतात. सुरुवातीला मोकळ्या जगात त्याला आनंद होतो. रात्र होते तसं ते रिकामपण त्याला खायला उठतं. शेवटी डोरेमॉन येऊन सांगतो की हे यंत्र हुकूमशहांना धडा शिकवण्यासाठीच बनवलेलं आहे. सत्ता, द्वेष आणि एकटेपण यांचा एवढा नेमका संबंध आठ-नऊ वर्षांच्या मुलापर्यंत पोचवणारी गोष्ट मी दुसरीकडे वाचलेली नाही.

आणि निरोपाची गोष्ट तर आहेच. डोरेमॉनला भविष्यात परत जायचं असतं. त्याला काळजी वाटू नये म्हणून नोबिता कोणत्याही यंत्राविना, एकट्याने जियानशी भिडतो, मार खातो, पण मागे हटत नाही. २०१४ च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ या चित्रपटात हा प्रसंग घेतला आहे. सगळ्या यंत्रांच्या या मालिकेतला सर्वांत मोठा पराक्रम बिनयंत्राचा आहे, यातच तिचा विचार येतो.

तिसरं बळ: मोठ्या पडद्यावरचा विस्तार

१९८० पासून जवळजवळ दरवर्षी एक चित्रपट येत गेला आणि त्यांतले फुजिमोतोंच्या हयातीतले बरेचसे चित्रपट विज्ञानकथा म्हणून मालिकेपेक्षा भरीव आहेत. १९८६ च्या चित्रपटात माणसांना गुलाम करायला यंत्रमानवांची फौज येते. त्यांची हेर म्हणून आलेली यंत्रमुलगी जखमी होते आणि नोबिताची मैत्रीण शिझुका तिची शुश्रूषा करते. शत्रूच्या मनात दुविधा निर्माण होते ती इथून. लढाई अखेर शस्त्रांनी सुटत नाही. त्या यंत्रसंस्कृतीच्या निर्मात्याने अगदी सुरुवातीला काय पेरलं होतं, तिथपर्यंत भूतकाळात जावं लागतं. कृत्रिम बुद्धिमत्तेला आपण कोणती मूल्यं शिकवतो, हा आजचा प्रश्न त्या चित्रपटाने चाळीस वर्षांपूर्वी मुलांपुढे ठेवला. १९९२ च्या ढगांवरच्या राज्याच्या चित्रपटात जमिनीवरची माणसं करत असलेल्या प्रदूषणाला कंटाळून आकाशवासी पृथ्वी महापुरात बुडवायला निघतात. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकलेली ज्यांनी पाहिली, त्यांच्या मुलांना हा विषय वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

उणीव पहिली आणि सर्वांत मोठी: कारखाना दिसतच नाही

आता दुसरी बाजू. डोरेमॉनच्या खिशातून शेकडो वस्तू निघतात. त्यांतली एकही वस्तू कोणी, कशी, किती वेळा चुकून बनवली हे आपल्याला कळत नाही. हव्या त्या ठिकाणी उघडणारं दार आहे, डोक्यावर लावून उडायचा पंखा आहे, वस्तू लहान करणारा दिवा आहे. सगळं तयार, झाकण लावून बंद. बाविसाव्या शतकातली प्रयोगशाळा, तिथला हताश झालेला संशोधक, फसलेला नमुना, सुधारलेला नमुना यांना या मालिकेत जागाच नाही. विज्ञान म्हणजे बाजारातून आणलेली वस्तू, असा समज मुलांच्या मनात घर करतो. मुलं त्यांना ‘गॅजेट’ म्हणतात, आणि ते नाव दुकानाच्या फळीवरचं आहे, प्रयोगशाळेतलं नाही.

ही उणीव आज जास्त टोचते, कारण खिसा खरोखरच आपल्या हातात आला आहे. खाल्लं की सगळ्या भाषा समजाव्यात असा एक पदार्थ डोरेमॉन देतो. आज मोबाइल ते काम बऱ्यापैकी करतो. फोन हवं ते उत्तर देतो आणि मूल कसं-का न विचारता ते घेतं. नोबिताची सवय आता सगळ्यांची झाली आहे. अशा काळात घडण दाखवणाऱ्या गोष्टींची गरज वाढते, आणि तिथे डोरेमॉन उपयोगी पडत नाही.

उणीव दुसरी: विज्ञान सैल आहे

डोक्यावरच्या पंख्याचंच पाहा. एकच पंखा एका दिशेने फिरला तर खालचं शरीर उलट्या दिशेने गरगर फिरेल, न्यूटनचा तिसरा नियम ते टाळू देत नाही. हेलिकॉप्टरला शेपटीचा पंखा असतो तो याचसाठी. लहान करणाऱ्या दिव्याने माणूस उंचीला एक दशांश झाला तर त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ शंभरावा हिस्सा होईल आणि आकारमान हजारावा. म्हणजे शरीराच्या मानाने त्वचा दहापट जास्त, आणि त्या वाटेने उष्णता भराभर निघून जाईल. चित्रात असं काहीच होत नाही.

कालप्रवासाचा गोंधळ याहून मोठा. नोबिताचं भविष्य बदलून त्याचं लग्न जियानच्या बहिणीऐवजी शिझुकाशी झालं, तर मग सेवाशी जन्मेल कसा? मालिकेचं उत्तर असं की ओसाकाला कोणत्याही वाहनाने गेलं तरी शेवटी ओसाकाच येतं. आपल्या भाषेत, शेलूहून लोकलने गेलो काय नि गाडीने गेलो काय, दादर तेच. पण माणूस म्हणजे ठरलेलं स्टेशन नव्हे. आईवडिलांपैकी एक बदलला तर मूल दुसरं जन्माला येतं, हे जनुकशास्त्र नववी-दहावीत शिकवलं जातं. फुजिमोतोंनी हा पेच ओळखून पळवाट काढली, सोडवला नाही.

या सैलपणाला मी पहिल्या उणिवेइतकं वजन देत नाही. अद्भुताला थोडी सूट द्यावीच लागते, आणि हेच पंखे नि दिवे वर्गात चर्चेला घेतले तर भौतिकशास्त्राचे उत्तम प्रश्न होतात. फक्त तो प्रश्न मालिका स्वतःहून विचारत नाही, कोणीतरी विचारावा लागतो.

उणीव तिसरी: माणसं बदलत नाहीत

नोबिता प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी शिकतो आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला विसरतो. दीर्घ मालिकेची ही सोय आहे, पण रोज दोन-तीन भाग पाहणाऱ्या मुलाला फळ दिसण्यापेक्षा चक्र जास्त दिसतं. जियान मारतो, त्याचा जोडीदार सुनियो मिरवतो, आई ओरडते, बाबा ऑफिसातून थकून येतात. जियानची दांडगाई मोठ्यांपैकी कोणी गांभीर्याने घेत नाही. शाळेत मार खाणाऱ्या मुलाने कोणाकडे जावं, याचं उत्तर इथे फक्त ‘डोरेमॉनकडे’ असं आहे, आणि खऱ्या मुलाच्या घरी डोरेमॉन नसतो.

शिझुकाच्या बाबतीत अन्याय जास्त झाला आहे. ती हुशार आहे, समंजस आहे, पण मालिकेत बराच काळ ती नोबिताला मिळणारं बक्षीस म्हणून उभी असते. तिच्या न्हाणीघरात नोबिता चुकून जाऊन पोचतो, हा वारंवार येणारा विनोद मुलांच्या कार्यक्रमात असायलाच नको होता. जियानच्या जाड्या बहिणीशी लग्न होणं म्हणजे आयुष्याची वाट लागणं, ही मूळ कल्पनाही आज खुपते. तीच बहीण चित्रकथा काढणारी जिद्दी कलावंत म्हणून पुढे दाखवली गेली, ही जमेची बाजू. १९९६ मध्ये फुजिमोतो गेल्यानंतर नव्याने रचलेल्या पुष्कळ गोष्टींत गृहीतक टोकाला नेण्याची जुनी शिस्तही पातळ झालेली दिसते.

भाषेचा प्रश्न

आपल्या घरांत डोरेमॉन पोचला तो हिंदीतून. डबिंग चांगलं आहे, आवाज गोड आहेत, संवाद सहज आहेत. म्हणूनच त्याचा परिणाम खोल आहे. शेलूत संध्याकाळी इमारतींच्या मधल्या जागेत खेळणारी मुलं भांडतात हिंदीत आणि घरी येऊन जेवायला मागतात मराठीत. कल्पनेचं, साहसाचं, यंत्रांचं जग त्यांच्यासाठी हिंदीत आहे आणि वरण-भाताचं मराठीत. ही वाटणी मला सलते.

बांगलादेशात हाच प्रश्न २०१३ मध्ये टोकाला गेला. मुलं हिंदी बोलू लागली म्हणून तिथल्या सरकारने हिंदी डोरेमॉन दाखवणाऱ्या डिस्ने वाहिनीचं प्रक्षेपण थांबवलं. पुढे तिथे बंगाली डबिंग झालेला डोरेमॉन आला. बंदी हा मार्ग मला पटत नाही, पण दुसरी गोष्ट अनुकरण करण्यासारखी आहे. महाराष्ट्रात २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याच्या शासननिर्णयावरून मोठं रण माजलं आणि २९ जूनला ते निर्णय मागे घेण्यात आले. त्या वादात मी मराठीच्या बाजूनेच आहे. पण वर्गातल्या तासापेक्षा जास्त वेळ मूल ज्या पडद्यासमोर बसतं, तिथे दमदार मराठी कधी येणार, यासाठी कोणी रस्त्यावर उतरलं नाही. मुलांसाठी उत्तम मराठी डबिंगचा आग्रह हा भाषेच्या चळवळीचा पहिल्या पानावरचा मुद्दा असायला हवा.

आपली विज्ञानकथा आणि इतर मालिका

मराठी विज्ञानकथेशी तुलना केली की एक गोष्ट लख्ख दिसते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवणारे नारळीकर, किंवा बाळ फोंडके, हे स्वतः शास्त्रज्ञ. त्यांच्या कथांत प्रयोगशाळा आहेत, शंका आहेत, शास्त्रज्ञांचे वाद आहेत. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत माणसापेक्षा हुशार यंत्र घडवण्याचा मोह आणि धोका पायरीपायरीने उलगडतो. डोरेमॉन जिथे दुबळा आहे, नेमकी तिथे मराठी विज्ञानकथा भक्कम आहे. आणि डोरेमॉन जिथे भक्कम आहे, म्हणजे मुलाचं रोजचं घर, मार खाण्याची भीती, परीक्षेचा धसका, हशा, चित्रं, तिथे आपली विज्ञानकथा फारशी पोचलीच नाही. ‘फास्टर फेणे’चे भा. रा. भागवत व्हर्नलाही मराठीत घेऊन आले. मुलांच्या मनाची वाट त्यांना सापडली होती, पण तिच्यावर पुढे गर्दी झाली नाही.

जपानी मालिकांतही डोरेमॉनची उणीव भरणाऱ्या मालिका आहेत, त्या वयानुसार दाखवता येतात. हायाओ मियाझाकींची ‘फ्यूचर बॉय कॉनन’ (१९७८) ही महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या पृथ्वीवरच्या मुलाची कथा. ऊर्जा कोणाच्या हातात असावी, हा तिचा प्रश्न. २००३ मध्ये सुरू झालेली ‘प्लॅनेटेस’ २०७५ सालातल्या अंतराळकचरा वेचणाऱ्या कामगारांची आहे. ती मोठ्या मुलांसाठीच, पण विज्ञान म्हणजे नोकरी, घाम आणि जोखीम हे तिच्याइतकं कोणी सांगितलेलं नाही. २०१९ पासूनची ‘डॉक्टर स्टोन’ तर डोरेमॉनचं उलटं टोक. सगळी मानवजात दगड होऊन हजारो वर्षं गेली आहेत आणि एक मुलगा साबण, काच, प्रतिजैविक औषध, फोन असं सगळं शून्यातून बनवतो. कोणती वस्तू कशापासून बनते याची साखळी तिथे उघडी ठेवलेली आहे. तिच्यातही स्त्रीदेहाचं अवाजवी चित्रण आहे, हाणामारी आहे, म्हणून बारा-तेरा वर्षांच्या आतल्या मुलांना ती एकट्याने पाहू देऊ नये. पण डोरेमॉननंतरची पायरी म्हणून तिच्याएवढी योग्य मालिका मला दिसत नाही.

खिशाबाहेरचं विज्ञान

घडण दाखवण्यासाठी पडद्यावरच अवलंबून राहायचं कारण नाही. कर्जत-खालापूरसारखा भाग या बाबतीत श्रीमंत आहे.

कर्जतच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेल्या ‘कर्जत ३’, ‘कर्जत ७’ यांसारख्या वाणांचं नाव शेलूच्या जुन्या शेतकरी कुटुंबांत सगळ्यांना ठाऊक आहे. दोन वाणांचा संकर करायचा, मग पिढ्यान्‌पिढ्या निवड करत न्यायची, ठिकठिकाणी चाचण्या घ्यायच्या. एक वाण शेतात यायला आठ-दहा वर्षं लागतात. खिशातून काढलेल्या दारापेक्षा ही गोष्ट कमी अद्भुत नाही. खालापूर तालुक्यातल्या खोपोलीला १९१५ पासून आणि कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीला १९२२ पासून टाटांची जलविद्युत केंद्रं चालू आहेत. घाटावर अडवलेलं पाणी नळांतून कोकणात उतरवायचं आणि त्याच्या पडण्यातून मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, ही त्या काळी विज्ञानकथाच होती. डोंगराच्या अंगावरून उतरणारे ते नळ मुलांना लांबूनही दाखवता येतात. नेरळहून माथेरानला १९०७ मध्ये गेलेली छोटी गाडी एवढ्या चढावर वळणं घेत का जाते, हा प्रश्न नोबिताच्या कुठल्याही प्रश्नाइतका रंजक आहे. आणि शेलूच्या अलीकडचं वांगणी तर मुंबईच्या खगोल मंडळाच्या रात्रभर चालणाऱ्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांसाठी ओळखलं जातं. दुर्बिणीतून शनीची कडी पाहायची तर रांगेत उभं राहावं लागतं, ढग आले तर वाट पाहावी लागते. विज्ञान असंच सबुरीने हाती येतं, हे मुलांना अशा एखाद्या रात्री कळून जातं.

निवाडा

मुलांना डोरेमॉन पाहू द्यावा का? माझं उत्तर स्पष्ट होकाराचं आहे, तीन अटींसह. पहिली अट, रोज दिसेल ते न पाहता निवडून पाहावं. फुजिमोतोंच्या मूळ कथांवरचे भाग आणि जुने चित्रपट आधी. दुसरी अट, घरातल्या कोणीतरी निदान काही भाग मुलांसोबत पाहावेत आणि दोनच प्रश्न विचारावेत: आणखी तासाभराने काय झालं असतं, आणि ही वस्तू बनवायची तर सुरुवात कशापासून करशील? पहिला प्रश्न मालिकेचं बळ वाढवतो, दुसरा तिची उणीव भरतो. लोकलने चार तास प्रवास करणाऱ्या आईबाबांना रोज हे जमणार नाही, पण रविवारी जमेल, आणि इतर दिवशी आजी-आजोबा हे प्रश्न आपल्यापेक्षा चांगले विचारतात. तिसरी अट आपल्या लेखकांसाठी, चित्रकारांसाठी आणि वाहिन्यांसाठी. मराठी विज्ञानकथेकडे प्रयोगशाळा आहे, डोरेमॉनकडे मुलाचं घर आहे. या दोन्हींना एकत्र आणणारी, मराठीत बोलणारी, कर्जतच्या भातापासून माथेरानच्या गाडीपर्यंत आपल्या आसपासच्या वस्तूंची घडण उलगडणारी चित्रमालिका अजून कोणी काढलेली नाही. ती काढण्याइतकं ज्ञान, चित्रकला आणि वाट पाहणारी मुलं आपल्याकडे आहेत. हे काम आता हाती घ्यायला हवं.